एक हजार चोवीसांतला एक

घरातल्या मुलाला राखीव जागेतून इंजिनीअरिंगला प्रवेश हवा असेल, तर लालबाग-परळमध्ये पूर्वजांचा शोध बारावीच्या आगेमागे सुरू होतो. जात पडताळणी समितीला प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ असे मानीव दिनांक ठरलेले आहेत. त्याआधीचा, जातीची नोंद असलेला कागद शोधायचा आणि त्यावरच्या माणसापासून अर्जदारापर्यंत रेघा ओढून दाखवायच्या. वर खापरपणजोबा, त्याखाली पणजोबा आणि त्यांचे भाऊ, मग आजोबा, मग वडील आणि काका, सगळ्यात खाली अर्जदार. एका पानात मावतं. मावतं, कारण बहुतेक माणसं आधीच गाळलेली असतात.

किती गाळली ते मोजणं सोपं आहे. आई-वडील २, दोन्हीकडचे आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८, त्यांच्या वरच्या पिढीत १६. चार पिढ्यांत ३० माणसं झाली. त्यांतली थेट रेषेतली जी वंशावळीत येतात ती ४. उरलेल्या २६ जणांचं रक्त चालतं, नाव लागत नाही. आणखी सहा पिढ्या मागे जा. एक पिढी २८ वर्षांची धरली तर आपण चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या सुमारास पोचतो. त्या दहाव्या पिढीत तुमचे पूर्वज आहेत १,०२४, आणि आडनावाच्या रेषेवर उभा असलेला पुरुष आहे एक.

या बाबतीत तहसीलदारापेक्षा भटजी उदार म्हणायचे. सर्वपित्री अमावास्येला वाळकेश्वरच्या बाणगंगेवर बसलेल्या यजमानाला वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, शिवाय आईचे वडील, आजोबा आणि पणजोबा सपत्नीक, अशी बारा जणांची आठवण करावी लागते. बारांत सहा बायका आहेत. आईच्या आजोबांचं नाव काय, हे पाटावर बसल्यावर मोबाइलवरून विचारावं लागतं, हा भाग वेगळा.

गिरगाव-दादरच्या ज्या घरांत कुलवृत्तांताचा जाडजूड ग्रंथ आहे, त्यांना वाटतं की आपलं काम आजोबांच्या पिढीनेच उरकून ठेवलं. विसाव्या शतकात अनेक मराठी कुळांनी वर्गण्या काढून, पत्रं पाठवून, गावोगावच्या शाखा जुळवून असे ग्रंथ छापले. कष्ट अफाट होते, यात शंका नाही. पण मुळात ती एकाच आडनावाची यादी. दहा पिढ्यांचा कुलवृत्तांत हातात असलेल्या माणसाकडेही दहाव्या पिढीतल्या १,०२४ पैकी एकाचंच नाव असतं, फार तर त्याच्या बायकोचं. बाकीचे १,०२२ इतरांच्या कुलवृत्तांतांत असतील, किंवा कुठेच नसतील.

आता ही दुप्पट कुठे थांबवायची नाही, असं ठरवून पाहू. विसाव्या पिढीत १०,४८,५७६ पूर्वज होतात. चोविसाव्या पिढीत १,६७,७७,२१६. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १,२४,४२,३७३ होती, म्हणजे अख्खी मुंबई कमी पडली. सत्ताविसावी पिढी ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या, १२७५ च्या आसपासची. तिथे १३ कोटी ४२ लाख. तिसाव्या पिढीत १०७ कोटी. तेहेतिसाव्या पिढीत ८५८ कोटी ९९ लाख, आजच्या साऱ्या जगात आहेत त्यांहून अधिक. ही पिढी इसवी सन ११०० च्या सुमाराची, आणि तेव्हा पृथ्वीवर सगळी मिळून ५० कोटीसुद्धा माणसं नव्हती.

हिशेबात चूक नाही. जागा ८५९ कोटी आहेत आणि बसायला माणसं थोडी, म्हणून एकाच माणसाला हजारो जागा अडवाव्या लागतात. ज्या बाईने तेराव्या शतकात चौलच्या बंदराजवळ कुठेतरी पाच मुलं वाढवली, ती तुमच्या वडिलांकडून चारशे वाटांनी आणि आईकडून सातशे वाटांनी तुमची पूर्वज असू शकते. आपल्याकडे तर हे फार लवकर सुरू होतं. अनेक मराठी जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात अशा विवाहांची प्रदेशवार मांडणी केली आहे. आते-मामे भावंडांच्या लग्नातून जन्मलेल्या मुलाला पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात. पुढे एकही नातं पुन्हा जुळलं नाही असं धरलं, तरी दहाव्या पिढीतले १,०२४ तिथेच ७६८ वर येतात.

येल विद्यापीठातल्या जोसेफ चँग या संख्याशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये याचा एक नमुना मांडला. समजा, एखादा गट कायम तेवढ्याच संख्येचा आहे आणि आत लग्नं कशीही होतात. अशा गटातल्या सगळ्यांचा मिळून निदान एक समान पूर्वज किती मागे सापडेल? उत्तर आश्चर्य वाटावं इतकं जवळचं आहे: दोनाचा कितवा घात केला की गटाची संख्या येते, साधारण तितक्या पिढ्या. दहा हजारांच्या बंदिस्त गटाला सव्वातेरा पिढ्या पुरतात. आपल्या २८ वर्षांच्या मापाने हा काळ शिवाजी महाराजांच्या तरुणपणाचा. त्याहून चक्रावणारं उत्तर पुढचं आहे. तेवीस-चोवीस पिढ्या मागे, म्हणजे बहामनी राज्याच्या सुरुवातीच्या काळात, त्या गटात जी माणसं होती त्यांचे दोनच प्रकार उरतात: आजच्या सगळ्यांचे पूर्वज असलेली, आणि आज ज्यांचा एकही वंशज नाही अशी. मधलं कुणी नाही. प्रत्यक्षात कोकणातली पोटजात काही चँगच्या नमुन्याइतकी गुळगुळीत नसते. गावं, डोंगर, खाड्या, हुंडा, भाऊबंदकी सगळं आडवं येतं. तरी दहा-वीस हजारांच्या जातगटात ‘अमक्या सरदाराचे थेट वंशज’ म्हणून मिरवणाऱ्याने शेजारच्या खोलीत विचारून पाहायला हरकत नाही. तोही निघेल.

गणित हजार वर्षं मागे धावतं. कागदाला मात्र शंभर वर्षांतच धाप लागते. मुंबईत तर जास्तच, कारण हे शहर मुळात बाहेरून आलेल्यांचं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत पावणेबारा लाख लोक मोजले गेले आणि त्यांतले ८४ टक्के शहराबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. त्यामुळे गिरणगावातल्या घराचा माग दोन-तीन पिढ्यांत मुंबई सोडतो आणि मालवण, राजापूर, संगमेश्वर, नाहीतर घाटावर सातारा-कऱ्हाडकडे जातो. तिथे काय मिळतं? जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. शाळेचं जनरल रजिस्टर. सात-बारा, त्यामागचे फेरफार. जुनी पानं मोडीत. ती वाचणारे थोडे, आणि तलाठ्याच्या कपाटातल्या वाळवीला लिपीची अडचण कधीच नव्हती.

त्यात नावं स्थिर नसतात. परळच्या बीआयटी चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत राहून गेलेल्या एका जगप्रसिद्ध भाडेकरूचं उदाहरण घ्या. घराण्याचं आडनाव सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील लष्करात सुभेदार, म्हणून जन्म महूचा. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. बाबासाहेबांचं चरित्र ठाऊक नसलेल्या कुणी फक्त कागदांवरून ‘सकपाळ’ शोधायला घेतलं असतं, तर एका पिढीतच वाट हरवली असती. ज्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत अशा लाखो घरांत हेच झालं आहे: गावाला एक आडनाव, गिरणीच्या मस्टरवर दुसरं, मुलाच्या शाळेत मास्तरांनी घातलेलं तिसरं.

गिरण्यांच्या कागदांची कथा तर स्वतंत्र लिहावी अशी. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं द्यायचं ठरलं आणि म्हाडाकडे कामगारांचे व वारसांचे मिळून सुमारे १ लाख ७४ हजार अर्ज जमले. त्यांतले बहुसंख्य आजही घराची वाट पाहत आहेत. अर्ज म्हणजे दुहेरी पुरावा. एक, आजोबा गिरणीत होते: गेटपास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, पगाराची चिठ्ठी, जे हाती लागेल ते. दोन, मी त्यांचा वारस आहे. पहिल्या पुराव्यासाठी गावच्या घरातल्या ट्रंका उपसल्या गेल्या. दुसऱ्यासाठी काय लागलं? भावंडांची संमती. एका कामगाराला तीन मुलं, त्यांना तीन-तीन, असं धरलं तर तिसऱ्या पिढीत ९ वारस होतात, आणि घर एक.

इथेच एक गोष्ट ध्यानात येते. वंशावळीतून गायब असलेल्या बायका कागदावर सापडतात त्या वाटणीच्या वेळी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत हिस्सा दिला. त्यानंतरच्या वारस-फेरफारांत लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं येऊ लागली, सासरच्या आडनावासकट, पुष्कळदा सासरच्या गावासकट. आणि मागोमाग पुढच्याच एखाद्या फेरफारात त्यांचं हक्कसोडपत्र. आपल्या आजीच्या बहिणी कुठे दिल्या होत्या हे ज्याला शोधायचं आहे, त्याने कुलवृत्तांत बाजूला ठेवून मामाच्या गावचे फेरफार काढावेत. लेकींनी जमीन सोडली, म्हणून त्यांचा पत्ता राहिला.

कागद शोधण्याचा सर्वात मोठा उद्योग आपण अलीकडेच पाहिला. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या नोंदी तपासायला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, पोलीस पाटील, जिथे जिथे जुनं दप्तर होतं तिथे मोडी वाचणारे बसवले. जानेवारी २०२४ पर्यंत सरकारने सांगितलेला आकडा ५४ लाख नोंदींच्या वर गेला होता. या मागणीच्या बाजूने असा की विरोधात, तो आपापला प्रश्न. पण वंशशोधाच्या जगात इतक्या थोड्या महिन्यांत इतके पूर्वज कुणी उजेडात आणल्याचं मी वाचलेलं नाही. अमेरिकेत मॉर्मन पंथाची फॅमिलीसर्च ही संस्था युटामधल्या एका डोंगराच्या पोटात २४ लाख मायक्रोफिल्म-रिळं सांभाळते. ती डिजिटल करायला २०२१ उजाडलं. त्यांत हरिद्वारसारख्या तीर्थांवरच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. तेही हौसेचं काम नाही हं. मेलेल्या पूर्वजांना बाप्तिस्मा देता यावा, म्हणून ते नावं शोधतात. आपल्याला दाखला हवा असतो, त्यांना मोक्ष.

कागद संपला की हल्ली नळीत थुंकायचं. डीएनएची चाचणी घरबसल्या होते, पैसेही आवाक्यातले. तिची व्याप्ती अशी: माणसाच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत ३२० कोटी अक्षरं आहेत. सेकंदाला एक अक्षर या वेगाने, न जेवता न झोपता वाचत बसलं तर १०१ वर्षं लागतील. बाजारातल्या नेहमीच्या चाचण्या यांतली सहा-सात लाख अक्षरं तपासतात. त्याच वेगाने ती साडेसात दिवसांत वाचून होतात. १०१ वर्षांच्या पोथीतले निवडक साडेसात दिवस. निवड मात्र हुशारीची, माणसामाणसांत जिथे फरक पडतो नेमक्या त्या जागांची.

या चाचणीत दोन सरळ रेषा स्वच्छ दिसतात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यात ६ कोटी २४ लाख अक्षरं. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून मुलांकडे येतो, तो अगदी आटोपशीर, १६,५६९ अक्षरांचा. म्हणजे कुलवृत्तांताने जी आईच्या आईच्या आईची रेषा कधी लिहिलीच नाही, ती प्रत्येकाच्या पेशीपेशीत साडेसोळा हजार अक्षरांत जपलेली आहे. ठीक. पण दहाव्या पिढीचा हिशेब मांडला तर १,०२४ पैकी या दोन रेषांनी सापडले किती? दोन.

उरलेल्यांसाठी बाकीची २२ गुणसूत्रं पाहायची. आणि इथे अशी गंमत आहे की ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. तुमच्या प्रत्येक पूर्वजाचा डीएनए तुमच्यात असतोच असं नाही. गुणसूत्रं पिढीगणिक दुपटीने तुटत नाहीत, प्रत्येक पिढीत थोड्याच ठिकाणी तुटून अदलाबदल होते. पूर्वज दुपटीने वाढतात, तुकडे मात्र बेरजेने. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्रॅहम कूप यांनी मांडलेल्या हिशेबाने दहाव्या पिढीतल्या १,०२४ जणांना वाटून घ्यायला साडेसहाशेच्या आतबाहेर तुकडे असतात, आणि ज्यांचा एखादा तरी तुकडा तुमच्यापर्यंत पोचला असे पूर्वज निम्म्याहूनही कमी भरतात. चौदाव्या पिढीत १६,३८४ पैकी जेमतेम नऊशे. विसाव्या पिढीत साडेदहा लाखांतले तेराशेच्या आत. शिवकाळात तुमचा एखादा पूर्वज खरोखरच मावळा असेल, आणि त्याचं नाव खरोखरच बखरीत असेल, तरी त्याच्या डीएनएचा कणसुद्धा तुमच्यात नसण्याची शक्यता विसांत एकोणीस. कागद त्याला ओळखतो, रक्त ओळखत नाही. त्याच्या शेजारच्या तंबूतल्या, कुठल्याच कागदावर नसलेल्या मोतद्दाराचा मात्र एखादा तुकडा तुमच्या नवव्या गुणसूत्रावर बसलेला असू शकतो.

भारतात या चाचण्यांना आणखी एक अडचण येते, आणि ती आपण स्वतः दोन हजार वर्षं खपून तयार केली आहे. प्रिया मूरजानी, कुमारसामी तंगराज, डेव्हिड राइख आदींनी २०१३ मध्ये ७३ भारतीय गटांचा अभ्यास छापला. त्यानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात सर्वदूर सरमिसळ होत होती. नंतर ती थांबली, गट आपापल्या कुंपणात गेले. २०१७ च्या पुढच्या अभ्यासात २६३ गट तपासले. त्यांतल्या ८१ गटांत, थोड्या मूळ पुरुषांपासून आणि स्त्रियांपासून पसरल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षा ठळक निघाल्या. वैद्यकशास्त्रात हे दोन समाज बंदिस्तपणाची पाठ्यपुस्तकी उदाहरणं मानले जातात. परिणाम असा, की जातीत लग्न करत आलेल्या दादरच्या माणसाला चाचणीत ‘तिसऱ्या फळीचा चुलत भाऊ’ म्हणून जो दाखवतात, तो नेमका कोणत्या खापरपणजोबांकडून नातेवाईक लागतो हे शोधून सापडत नाही. तो एका मोठ्या नात्याने जवळचा नसतो. पन्नास दूरच्या, बारीक नात्यांची ती बेरीज असते.

हे कुंपण मोजायला सुरुवात झाली ती परळलाच. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी १९४९ च्या सुमारास मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांतल्या सात आनुवंशिक गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा सात गुण तपासायला शेकडो माणसांचं रक्त हाताने घोळवावं लागे. आज एका चिपवर साडेसहा लाख जागा एकदम वाचतात. प्रश्न तोच राहिला आहे: एकाच शहरात, एकाच ट्रामने जाणारी-येणारी माणसं रक्ताने किती वेगळी?

आणि १९५२ मध्ये, टाटापासून चार पावलांवर असलेल्या केईएममधल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असा रक्तगट नोंदवला, ज्याला एबीओ पद्धतीत घर नव्हतं. तपासणीत ओ वाटणारा, पण ओ रक्तही न चालणारा. त्याला शहराचंच नाव मिळालं, बॉम्बे रक्तगट. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा. तो मिळायला आई आणि वडील दोघांकडूनही तेच दुर्मीळ जनुक यावं लागतं. ढोबळ आकडेमोड करून पाहू. दहा हजारांत एक हे प्रमाण धरलं, तर शंभरातली एक प्रत या जनुकाची आणि पन्नासांतला एक माणूस ते गुपचूप वाहणारा. पण आई-वडील सख्खी आते-मामे भावंडं असतील, तर मुलात हा रक्तगट येण्याची शक्यता दहा हजारांत एकवरून चौदाशेत एकवर येते, सातपट. ‘घरातली मुलगी घरात’ या वाक्याची ही किंमत रक्तपेढीवाल्यांना कळते. बॉम्बे गटाच्या रुग्णाला रक्त लागलं की दाता बऱ्याचदा त्याच्याच भावंडांत शोधतात. तिथे शक्यता चारांत एक असते.

कागद, आख्यायिका आणि डीएनए या तिघांची एकत्र तपासणी झालेला मुंबईतला मराठी समाज म्हणजे बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही त्यांची परंपरेने आलेली कथा. तेलाच्या घाण्यावर कामं करत, शनिवार पाळत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं कोकणातल्या गावांची: दिवेकर, पेणकर, रोहेकर. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात सिनेगॉग बांधलं. लेखी पुरावा मात्र अठराव्या शतकाच्या फार मागे जात नाही. २०१६ मध्ये १८ बेने इस्रायल व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: त्यांच्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे भरीव प्रमाणात आहेत, आणि सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. कथा खरी ठरली का? अर्धी. मध्यपूर्वेशी असलेलं नातं पक्कं झालं. जहाज आणि सात जोडपी डीएनएत दिसत नाहीत, दिसणारही नाहीत. आणि १९ ते ३३ पिढ्या हा काळ लग्नांचा आहे, किनाऱ्याला लागण्याचा नव्हे. या फरकाकडे दुर्लक्ष करून ठोकलेल्या बातम्या तेव्हा बऱ्याच आल्या.

अठरा माणसांवरून एका समाजाचा इतिहास सांगता येतो याचं नवल वाटेल. अख्ख्या देशासाठीचा जीनोम इंडिया प्रकल्प ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचून उभा राहिला. १४० कोटींच्या देशात दर एक लाख चाळीस हजारांमागे एक माणूस. एवढ्यावर चालतं, कारण एका माणसाचा डीएनए वाचला की तो एकट्याचा राहत नाही.

हा शेवटचा हिशेब जरा सावकाश पाहा. प्रत्येक जोडप्याला तीन मुलं जगली असं धरा. चाळीतल्या जुन्या पिढ्यांसाठी हा आकडा कमीच आहे. मग तुम्हाला चुलत, आते, मामे, मावस मिळून सख्खी भावंडं १२. पणजोबांकडून जुळणारी, दुसऱ्या फळीतली ७२. खापरपणजोबांकडून ४३२. त्याच्या वरच्या पिढीकडून २,५९२. लग्नाला बोलवायची ठरवली तर दादरचं एकही कार्यालय पुरणार नाही, आणि ओळखीची निघतील ती फार तर पहिली ऐंशी. आता तुम्ही कधीच नळीत थुंकला नाहीत, थुंकणारही नाहीत. पण शंभर माणसांमागे एकाने जरी ही चाचणी केली असेल, तर त्या ४३२ जणांतल्या निदान एकाने ती केलेली असण्याची शक्यता जवळपास ९९ टक्के आहे. न्यू जर्सीतला, तुम्ही कधी न पाहिलेला कुणीतरी. यानिव्ह एर्लिख आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की एखाद्या लोकसमूहातल्या फक्त दोन टक्के लोकांचा डीएनए साठवलेला असला तरी त्या समूहातल्या जवळजवळ प्रत्येकाला तिसऱ्या फळीपर्यंतचा नातेवाईक त्या साठ्यात सापडतो.

२०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीत चोरी झाली तेव्हा हीच दुप्पट उलट्या दिशेने चालली. हल्लेखोर थेट घुसले ते साधारण १४ हजार खात्यांत. पण कंपनीच्या नातेवाईक-शोधाच्या सोयीतून त्यांच्या हाती माहिती लागली ६९ लाख लोकांची. एका किल्लीने पाचशे घरं उघडली. कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि पुढच्या काही महिन्यांत तिच्याच संस्थापिकेच्या नव्या संस्थेने ती ३० कोटी ५० लाख डॉलरला घेतली. ग्राहक दीड कोटी. माणशी साधारण वीस डॉलर पडले, सतराशे रुपयांच्या आसपास. प्रत्येक माणसामागचे ४३२ त्या भावात मोजलेले नाहीत.